किड्याने खाल्लेली ओळ

सुक्रे, ४ फेब्रुवारी २०१३

फिना,

तुझा ई-मेल मिळाला. बावीस वर्षांनी आलेल्या पहिल्याच ओळीत तू मला ‘माझी निएवेस’ म्हटलं आहेस. मी उत्तर पत्रानेच देते आहे. ई-मेल एका बोटाने पुसता येतो. कागद फाडायला दोन्ही हात लागतात, आणि तेवढे कष्ट तरी तू घ्यावेस असं मला वाटतं.

तर हो, तुला कळलं ते खरं आहे. तारदिओ पारितोषिकाला यंदा पंचवीस वर्षं होतात, आणि विश्वस्तांना परीक्षक मंडळाच्या अध्यक्षपदी पहिली विजेती हवी आहे, म्हणजे तू. उरलेले दोघे परीक्षक म्हणजे कासियानो लोआयसा सर आणि मी. सर आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. अठ्ठ्याऐंशी साली तुझा निबंध पहिला ठरवला तोही त्यांनीच. मला विचारायला त्यांनी फोन केला होता.

‘निएवेस, तुला चालेल ना? तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलं होतं म्हणे.’

‘माझं काही बिनसलेलं नाही, सर.’

‘मग बरं. या वयात मी बायकांच्या भांडणात पडणार नाही. माझ्या दोन्ही लग्नांत पडलो तेवढं पुष्कळ झालं.’

माझं काही बिनसलेलं नाही हे मी खोटं बोलले. ते आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुढे तुला शोधत बसायला नको.

तू विचारतेस मी कशी आहे. इथेच आहे. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकवते. पहिल्या तासाला एकच नियम सांगते: जिथे कागद किड्याने खाल्ला आहे तिथे कंस घाला आणि कंस रिकामा ठेवा. आत आपलं काही भरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. जो भरतो त्याला मी नापास करते. दर वर्षी चार-पाच जण तरी रडतात. मुलं मला पाठीमागे ‘कंसबाई’ म्हणतात.

निबंध मार्चमध्ये येतील. नियम तेच आहेत: निबंधावर टोपणनाव, खरं नाव बंद पाकिटात, आणि पाकीट निकालानंतर नोटरीसमोर फोडायचं. बक्षीसही तेच, समुद्रापलीकडे सेव्हिलच्या दफ्तरखान्यात दोन वर्षं. तुझं आयुष्य ज्याच्यावर उभं राहिलं ते. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

निएवेस

&nbsp;

सुक्रे, ११ मार्च

फिना,

नऊ निबंध आले. आठ वाचून मी सह्या करून बाजूला ठेवले. नववा तीन वेळा वाचला. तूही वाचला आहेस, नाहीतर रविवारी पहाटे पाच वाजता मला ई-मेल कशाला केला असतास? ‘सुकी नदी या टोपणनावाचा निबंध अपरिपक्व आहे, उर्मट आहे, तो पहिल्या फेरीतच बाद व्हावा.’ तीन ओळी आणि खाली तुझ्या सगळ्या पदव्या.

अपरिपक्व आहे. प्रस्तावना लांबलेली आहे, आणि ‘प्रचंड’ हा शब्द पहिल्या पानावर सहा वेळा आला आहे. पण फिना, पुढे काय आहे ते आपण दोघींनीही वाचलं आहे.

तू पंचवीस वर्षं जगभर काय सांगत आलीस? इसाबेल सिसा नावाची एक बाई, याच गावात मक्याची दारू गाळून विकणारी, सोळाशे एकाहत्तर साली मरण पावली. मरताना तिने आपलं घर पास्क्वाला नावाच्या अकरा वर्षांच्या गुलाम पोरीला दिलं. मृत्युपत्रातली ती ओळ तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकटीच छापली आहे: ‘घर पास्क्वालाचं. या घरात यापुढे कुणी मालकीण असू नये.’ माझ्या ओळखीच्या एका शाळेच्या भिंतीवरसुद्धा ती रंगवलेली आहे.

आणि हा निबंध लिहिणारी मुलगी (मुलगीच असणार, का ते सांगते) म्हणते, दफ्तरखान्यातल्या प्रतीत ती ओळ नाहीच. तिथे भोक आहे. चार बोटं रुंद. मग तिने दुसरी प्रत शोधली. टेकडीवरच्या मठात. तो मठ आजवर आपल्यापैकी कुणाला आत घेत नव्हता. हिची मावशी तिथल्या वेदीच्या चादरींना इस्त्री करायला जाते, तिच्यासोबत ही सात महिने गेली, कोळसे फुंकले, तेव्हा कुठे एका म्हाताऱ्या जोगिणीने पेटारा उघडला. हे तिने तळटिपेत लिहिलं आहे. मावशीचे आभार मानले आहेत. तुझ्यामाझ्या कुठल्या तळटिपेत मावशी होती?

त्या प्रतीत भोक नाही. त्यात लिहिलं आहे की घर विकावं, पोर पास्क्वाला हिलाही घरासोबत विकावं, आणि त्यातून माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणाव्यात. विकत घेणारा तो मठच. म्हणून तर प्रत तिथे राहिली.

तुला तो बाद करायचा आहे. कारण दे. अध्यक्षांना कारण लेखी द्यावं लागतं, मलाही.

निएवेस

&nbsp;

सुक्रे, १५ एप्रिल

फिना,

तू फोन केलास. तुझा आवाज मी ओळखला नाही. सेव्हिलचे लोक बोलतात तसं तू बोलायला लागली आहेस. बोलणं जसं झालं तसं लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील मी असं म्हटलंच नव्हतं.

तू म्हणालीस, ‘निएवेस, त्या काळी भोक लहान असेल. पंचवीस वर्षांत किडे काय उपाशी होते?’

मी म्हणाले, ‘अठ्ठ्याऐंशी साली तू ते मृत्युपत्र डोळ्यांनी पाहिलं होतंस का, फिना?’

तू म्हणालीस, ‘तू मला वही दिली होतीस.’

दिली होती. जुन्या लिपीतले संक्षेप कसे सोडवायचे ते बघायला. दोन दिवसांसाठी. तेव्हा दफ्तरखाना सकाळी उघडायचा, तू दहाच्या आधी उठायची नाहीस, आणि अकरा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात खिम्याच्या गरम साल्तेन्या संपायच्या आत पोचायचीस. तिथे मी शाईने बरबटलेल्या बोटांनी यायची, आणि तू म्हणायचीस, ‘आला आमचा किडा! आज काय खाल्लंस?’ मी हसायचे. ते मला आवडायचं. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

त्या वहीत मी खरं वाचन शाईने लिहायचे. भोकांच्या जागी, केवळ माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, पेन्सिलने काहीबाही लिहायचे. एकवीस वर्षांची होते. दिवसभर त्या पोरीबद्दल वाचायचं, बकऱ्या, घागरी, पोर पास्क्वाला, अशी यादी, आणि नेमकं तिचं काय झालं त्या जागी भोक. मी तिला घर दिलं. ‘यापुढे कुणी मालकीण असू नये’ हे वाक्य माझं आहे, फिना. मृत्युपत्राचं नाही. तुझं तर नाहीच नाही.

तू ते शाईने लिहिलंस.

माझाही निबंध त्या वर्षी स्पर्धेत होता, त्याच मृत्युपत्रावर. त्यात मी लिहिलं होतं की वारसाचं नाव वाचता येत नाही आणि म्हणून निष्कर्ष काढता येत नाही. मला उत्तेजनार्थ एक शब्दकोश मिळाला. तुला सेव्हिल मिळालं. समारंभानंतर कासियानो सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, ‘पोरी, तुझा निबंध प्रामाणिक आहे गं, पण वाचताना माणूस झोपतो. फिनाचा वाचून मी रडलो.’ माझ्या वाक्यावर रडले होते ते.

तर आता ऐक. मी ‘सुकी नदी’ला पहिलं मत देणार आहे, आणि का दिलं ते लेखी देणार आहे. तुला नियम आठवत असेलच: निकालपत्र समारंभात सगळ्यांसमोर, एक शब्दही न गाळता वाचलं जातं. पहिल्या रांगेत तू बसलेली असशील. पंचवीस वर्षं मी या समारंभांना मागच्या रांगेत बसले आहे. यंदा मला तुझा चेहरा बघायचा आहे. यात न्याय किती आणि सूड किती हे मी गेला आठवडाभर स्वतःला विचारते आहे. उत्तर येतं, सूड जास्त. तरीही मी थांबणार नाही.

निएवेस

&nbsp;

२० मे. तुझ्या हॉटेलात हातोहात

फिना,

आजची मंडळाची बैठक तुझ्या मनासारखी झाली नाही. दोन विरुद्ध एक. कासियानो सरांचं मत मला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

‘देल्फिना,’ ते तुला म्हणाले, ‘मी एकदा रडून निकाल दिला. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, रडता येत नाही. तेव्हा वाचूनच देतो.’

पाकीट फोडलं. रुफिना कोंडोरी, वय बावीस. मी तिला ओळखते. माझ्याच वर्गातली. मागच्या बाकावर बसून टोपी न काढताच विणत असते. तू तिचं नाव दोनदा वाचलंस आणि मग पायऱ्यांवर मला गाठलंस. आपलं बोलणं नोटरीच्या कारकुनानेही ऐकलं असावं.

‘तू बोललीस तर बनावट ओळ तुझी ठरेल, निएवेस. मी फक्त मैत्रिणीवर विश्वास ठेवला. खोटारडी कोण, कंसबाई?’

हे नाव तुला मीच पत्रात लिहिलं होतं.

‘आणि तिला पाठव की सेव्हिलला,’ तू म्हणालीस. ‘तिथे मार्गदर्शक म्हणून सही कोण करतं? कित्येक वर्षं मीच करते. बघू कोण घेतं तिला.’

मी घरी आले, निकालपत्रातलं माझं टिपण काढलं आणि पुन्हा वाचलं. चांगलं लिहिलं आहे. तू चोर, मी भोळी, असं स्वच्छ. तेवढंच ठेवलं तर लोक माझी बाजू घेतील. ‘पेन्सिलची खासगी नोंद परवानगीवाचून उचलली.’ खरं आहे. प्रत्येक शब्द खरा आहे.

पण तू ज्या दिवशी निबंध घेऊन माझ्या घरी आलीस तो दिवस त्यात नाही. टाइपरायटर माझ्याकडे होता. तू माझ्या आईने केलेलं शेंगदाण्याचं सूप पीत बसलीस, आणि मी तुझा निबंध टाइप केला, एकतीस पानं. चौथ्या पानावर मला माझी ओळ दिसली. मी थांबले. तू विचारलंस, ‘काय झालं? अक्षर लागत नाही का?’ आणि मी म्हणाले, ‘लागतं.’

मी ती ओळ टाइप केली, फिना. चूक न करता. सात स्वल्पविराम सुधारले. ‘अगं, हे मी मनचं लिहिलंय’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही, कारण मला वाटलं परीक्षक अस्सल कागद मागवतील, भोक बघतील, आणि सगळ्यांसमोर तुझी फजिती होईल. मला ती बघायची होती. तू मला किडा म्हणायचीस म्हणून नाही. वहीतली ओळ न विचारता वापरलीस म्हणून. परीक्षकांनी कागद मागवलाच नाही. मी लावलेल्या सापळ्यातून तू पारितोषिक घेऊन बाहेर पडलीस, आणि मग मला तोंड उघडता येईना, कारण उघडलं असतं तर पहिला प्रश्न आला असता: तुम्ही टाइप करताना काय करत होता?

पंचवीस वर्षं तू मला फसवलंस असं मी रोज रोजनिशीत लिहिलं. तो टाइपरायटरचा दिवस मी एकदाही लिहिला नाही. मुलांना मात्र नापास करत राहिले.

तर टिपण मी बदललं आहे. टाइपरायटर त्यात आला आहे. तुझ्यावर दया म्हणून नाही; गैरसमज करून घेऊ नकोस. अर्धं सांगितलं तर उद्या तू उरलेलं सांगशील आणि सुटशील. पूर्ण सांगितलं की तुला सांगायला काहीच उरत नाही. मला तुझ्याकडचा शेवटचा दगडही काढून घ्यायचा आहे. तो माझ्याच डोक्यात घालून घ्यावा लागला तरी चालेल.

समारंभ तेवीस तारखेला, संध्याकाळी पाचला. आजारी पडायचं असलं तर अजून वेळ आहे.

निएवेस

&nbsp;

सुक्रे, १७ जून

फिना,

तू आलीस, हे मी मानते. राखी शाल, पहिली रांग, हात मांडीवर. सचिवांनी माझं टिपण वाचायला घेतलं तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघणार होते. बघता आलं नाही. ‘मी ती ओळ जाणूनबुजून टाइप केली’ इथवर ते आले तेव्हा सभागृहातले सगळे माझ्याकडे वळले होते, आणि मी जमिनीकडे बघत होते. मान वर केली तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. एवढी वर्षं वाट पाहिली आणि ऐन वेळी चुकले.

तू गेलीस म्हणून पुढचं तुला माहीत नाही. रुफिनाला व्यासपीठावर बोलावलं. तिची मावशी मागून ओरडली, ‘टोपी काढ गं, बये!’ आणि लोक हसले, त्यामुळे जरा सैल झालं. मी बाहेर निघाले तर कासियानो सर दारात उभे. त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही. म्हणाले, ‘कागद मागवायचं काम माझं होतं. माझ्याबद्दल काही लिहिलं नाहीस ते बरं केलंस की वाईट, ते मला कळत नाही.’ मलाही कळत नाही.

विभागाने मला या सत्रापुरतं शिकवण्यातून मोकळं केलं आहे. पुढचं समिती ठरवेल. बाजारात कोण काय म्हणतं ते मी सांगणार नाही, तुला आनंद होईल. तुझ्या प्रकाशकाने पुस्तक मागे घेतल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. मला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत टिकला.

हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या गुरुवारी रुफिना घरी आली. हातात सेव्हिलचा अर्ज. मार्गदर्शकाच्या सहीची जागा रिकामी, मुदत तीस जून. तू तिच्या दोन्ही ई-मेलना उत्तर दिलेलं नाहीस.

मी म्हणाले, ‘काळजी करू नकोस. सर माद्रिदच्या एका बाईंना ओळखतात. त्या घेतील तुला.’

‘मला त्या नकोत, बाई. मला देल्फिना अरांसिबियाच हव्यात.’

‘त्या? एवढं सगळं झाल्यावर?’

‘मग? त्यांचं पुस्तक वाचलं नसतं तर मी आज मावशीसोबत इस्त्रीच करत असते. दहावीत होते. ती घराची ओळ वाचली आणि म्हटलं, आपल्याला हेच करायचं.’

‘ती ओळ खोटी होती, रुफिना. तूच सिद्ध केलंस.’

‘हो ना! म्हणून तर. सात महिने मी ती खरी ठरवायला मठात जात होते. पेटारा उघडला त्या दिवशी मी किती रडले, मावशीला विचारा.’ मग माझ्याकडे बघून जरा खाली आवाजात म्हणाली, ‘त्यांना ते कळेल, बाई. त्या ओळीवर त्यांचाही जीव होता ना?’

माझा होता की नाही, हे तिने विचारलं नाही. मी टिपणात सगळं लिहिलं आहे, तिने ते ऐकलं आहे, आणि तरी तिला मी दिसले नाही. तिला तू दिसलीस. त्या क्षणी मला ती मुलगी आवडेनाशी झाली. दहा मिनिटंच, पण झाली. हे लिहायला हवं.

तर मी तुझ्याकडे मागते आहे. माफी मागत नाही आणि देतही नाही. तिच्या अर्जावर सही कर.

वाटलं तर याला सुडाचा उरलेला भाग समज, आणि तो आहेच. मी तुला माद्रिदच्या बाईंच्या आड लपू देणार नव्हतेच. दोन वर्षं दर आठवड्याला ती तुझ्या टेबलासमोर बसेल. ती तुझ्याहून चांगलं वाचते, आणि माझ्याहूनही. ती कागद पुढे सरकवेल आणि विचारेल, ‘हे बरोबर आहे का?’ आणि तुला अस्सल कागद मागवून, डोळ्यांनी बघून उत्तर द्यावं लागेल. तुला हे जमेल की नाही मला माहीत नाही. तिला वाटतं जमेल.

सोबत तिचा अर्ज आहे. चौथ्या पानावर, खाली उजवीकडे. शाई काळी हवी असं त्यांनी लिहिलं आहे.

निएवेस